पाण्यात पडला तरी चालणारा कॅमेरा

छायाचित्रकार काळाला थांबवतो. घनसावंगीतल्या माझ्या स्टुडिओच्या पाटीवर, माझ्या नावाखाली, हे वाक्य रंगवलेलं आहे. ते मीच सुचवलं होतं, त्यामुळे पेंटरला दोष देता येत नाही. गेल्या सव्वीस वर्षांत मी लग्नं, बारशी, सत्कार, भूमिपूजनं आणि एकाच पुलाची तीन उद्घाटनं टिपली. काळ काही कुठे थांबलेला दिसला नाही. वरमाय थांबलेली दिसली, भटजी थांबलेले दिसले. एकदा नवरदेवाचा मामा पंगतीतून उठेना म्हणून अख्खं स्टेज थांबलं. काळ मात्र पंगत उठायच्या आधीच निघून गेलेला असायचा.

फक्त एकदा, एका ओल्या सप्टेंबरात, एक क्षण थांबला असं मला वाटलं होतं. तो मी थांबवला नव्हता. तो मला पुढे ढकलता येत नव्हता, एवढंच.

महालक्ष्म्यांचे मुखवटे पुन्हा डब्यात गेले की आमच्याकडे दुसरा पाऊस सुरू होतो. पहिल्या पावसाचं कौतुक करायला पुष्कळ माणसं आहेत. या दुसऱ्याला कोणी विचारत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो असा वागतो. जमिनीला आता पाणी नको असतं. काळी माती आधीच फुगलेली असते आणि चिखल पाय धरून ठेवतो. उभ्या सोयाबीनच्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटतात आणि शिवाराला आंबलेल्या पिठासारखा वास येतो. कापसाची बोंडं आतून काळी पडतात. मध्येच तासभर ऊन पडतं, धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. फोटोसाठी तसा उजेड वर्षभरात पुन्हा मिळत नाही. आणि त्या उन्हात, सगळं गप्प असताना, कुठेतरी मातीचं ढेकूळ पाण्यात पडतं. डुबुक. बहुतेक वेळा तो बेडूकच असतो. मी तरीही जागच्या जागी थांबतो आणि दुसऱ्या आवाजाची वाट बघतो.

ही भीती फार मोठी किंवा सांगण्यासारखी नाही. ती वर्षातून महिना-दीड महिना येते आणि पाव्हण्यासारखी घरात वावरते. या दिवसांत मी जीपमध्ये दाराकडची जागा घेत नाही. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो तर कठड्यापासून हातभर लांब राहतो. आमची ही म्हणते, तुम्हाला काय गच्ची खाते का. मी म्हणतो, पाठ दुखते.

यंदा नेमका याच दिवसांत कॅमेरा घ्यायचा प्रसंग आला. जुन्याच्या लेन्सच्या आत बुरशी धरली, आणि दोन लग्नांतल्या नवऱ्या धुक्यात उभ्या असल्यासारख्या आल्या. एका घरच्यांना ते आवडलं. दुसऱ्या घरच्यांना आवडलं नाही. शेवटी जालन्याला सुभाषशेठच्या दुकानात गेलो. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले. कधी आले ते शेठलाही सांगता येत नाही. घरात ते मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी आमच्यासारखं बोलतात, आणि भाव सांगताना कोणत्याच भाषेत बोलत नाहीत, कॅल्क्युलेटर पुढे सरकवतात.

त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या तऱ्हेचा; काळा, जड, मखमलीवर ठेवलेला. दुसरा नारिंगी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा, जाड रबराच्या कडांचा.

मिररलेसची आरती आधी झाली. हा माणसाचा डोळा ओळखतो, शेठ म्हणाले. माझ्यावर धरून दाखवला. पडद्यावर माझ्या डोळ्याभोवती एक छोटी चौकट आली. मी मान फिरवली, चौकट माझ्यामागे आली. खाली बघितलं तरी ती सुटेना. आपल्याला कोणी इतकं चिकटून बघितल्याला बरीच वर्षं झाली, असं मला वाटून गेलं.

मग नारिंगी. ह्याला कायबी होत न्हाई, असं म्हणून शेठने तो खरंच जमिनीवर टाकला आणि उचलून फोटो काढून दाखवला. तो माणसाच्या उंचीवरून पडला तरी चालतो. शंभर किलोचं ओझं सोसतो, म्हणजे आमच्या भागातले काही सत्कारमूर्ती वगळले तर कोणाच्याही पायाखाली सापडलेला चालेल. उणे दहा अंशांत काम करतो. जालन्यात उणे दहा अंश झाले तर फोटो काढण्यापेक्षा निकडीची कामं निघतील. आणि पाण्यात पंधरा मीटर खोल जातो. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंधरा मीटर म्हणजे जवळपास पन्नास फूट. आमच्याकडच्या विहिरी साधारण तेवढ्याच असतात.

शेठने माझा चेहरा बघितला आणि आपली नेहमीची थट्टा केली. “बराबर सांगा दादा, लग्नात काम करायचंय का विहिरीत उतरायचंय?”

मी काउंटरची कड धरली. काच गार होती. शेठने नोकराला पाणी आणायला सांगितलं आणि मला स्टुलावर बसवलं. त्यांना वाटलं, साखर कमी झाली.

विहीर कौसाबाईंची होती.

काही वर्षांपूर्वी एकदा पाऊस असा झाला की गोदावरीच्या अंगाला असलेल्या गावांत विहिरी आतून सुटल्या. विहीर अशी पडते हे बाहेरच्याला माहीत नसतं. ती एकदम पडत नाही. आधी बांधकामातला एखादा दगड निखळतो, मग त्यामागची माती भिजलेल्या भाकरीसारखी गळते, वरची कड तशीच राहते आणि खालून पोकळ होते. वरून गवत हिरवंगार दिसतं. मोटार, पाइप, पायऱ्या एकेक करत पाण्यात जातात. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, बरंच वर आलेलं.

नेत्यांचा पाहणी दौरा ठरला. गावच्या सरपंचांनी मला निरोप पाठवला. त्यांना नुकसानीचे मोठे फोटो हवे होते, अल्बममध्ये आणि फ्लेक्सवरही. मोबाईलचे फोटो कोणी बघत नाही, मोठ्या कॅमेऱ्याला वजन असतं, असं त्यांचं मत. वेशीवर आधीच एक फ्लेक्स लागला होता: ‘अतिवृष्टीग्रस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक स्वागत’. त्यावर नऊ चेहरे होते आणि नऊही हसत होते.

फोटोंसाठी सरपंचांची एकच अट होती. विहिरीसोबत तिचा मालक दिसला पाहिजे, चेहरा ओळखू आला पाहिजे. मागे कधीतरी एकच पडकी विहीर तिघांनी आपली म्हणून दाखवली होती, तेव्हापासून त्यांना हे सुचलं होतं. “चेहरा बी आला पाहिजे, विहीर बी आली पाहिजे,” ते म्हणाले, “मंग कोनाला बोलायला जागा न्हाई.” मला ते इतकं रास्त वाटलं की कचेरीत असं काही लागतं का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

कारण आमच्याकडे माणसाशिवाय फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. नवा ट्रॅक्टर आला की त्याच्यापुढे घर उभं राहतं. नवी म्हैस आली की तिच्या शिंगाला धरून कोणीतरी उभं राहतं. कोनशिलेच्या शेजारी, बोअरला लागलेल्या पाण्याच्या शेजारी, पुतळ्याच्या खाली; वस्तू खरी आहे हे माणूस शेजारी उभा राहिल्याशिवाय पटत नाही. मी नुसतं सूर्यफुलाचं शेत काढून स्टुडिओत लावलं होतं. लोक यायचे, बघायचे आणि विचारायचे, यात कोन हाय?

कौसाबाई साठीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात कंपनीत. अडीच एकर, दोन म्हशी आणि ही विहीर. मला त्यांनी बांधावरून चालता चालता सगळं सांगितलं. विहीर नुकसानीच्या यादीत आली तर सरकारी मदतीतून उपसून, बांधून मिळेल. नाही आली तर उन्हाळ्यात म्हशींना पाणी नाही. मग म्हशी विकायच्या, शेत कोणालातरी बटईनं द्यायचं, आणि मुलाच्या एका खोलीत जाऊन नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली अंथरूण टाकायचं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, त्या म्हणाल्या. पण दोन दिवस राहिलं की तिसऱ्या दिवशी मला तिथं काय करावं ते कळत न्हाई.

म्हणून त्यांनी या फोटोची तयारी केली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, चापूनचोपून विंचरलेले केस. विहिरीजवळ आल्यावर चपला काढून त्यांनी नीट जोडीनं ठेवल्या. विहिरीवर चपला घालून उभं राहू नये, आणि फोटोत तर मुळीच नाही.

मी लग्नाची लेन्स नेली होती. रुंद लेन्स पावसाच्या भीतीनं घरी ठेवली होती. त्यामुळे चेहरा आला की विहीर जाई. यावर उपाय सोपा होता. मी चार पावलं मागे सरकायला हवं होतं. माझ्या मागे गुडघाभर चिखल होता आणि पायात नवे बूट होते. हे लिहायला बरं वाटत नाही. पण मी सरकलो नाही ते बुटांमुळे.

मी डोळा कॅमेऱ्याला लावला. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातला की जगाला चार कडा येतात. पाचवी कड दिसत नाही.

“मावशी, जरा मागं,” मी म्हणालो.

तोवर कितीतरी वर्षं मी हेच म्हणत आलो होतो. स्टेजवर, मांडवात, शाळेच्या पटांगणात. हे शब्द मी म्हणत नसे, ते तोंडातून येत. आणि फोटोवाल्याचं लोक ऐकतात. जो माणूस तहसीलदाराचं ऐकत नाही तो फोटोवाल्यानं सांगितलं की हनुवटी वर करतो. कौसाबाई एक पाऊल मागे गेल्या. अजून जरा, मी म्हणालो. त्या अजून गेल्या. आता चौकटीत सगळं आलं. पुढे हिरवं लुगडं, मागे ढासळलेला काठ, त्याखाली तपकिरी पाणी, आणि ढगातून सुटलेलं ते धुतलेलं ऊन. इतकी चांगली चौकट मला वर्षभरात मिळाली नव्हती.

“आता हलू नका.”

डुबुक.

कॅमेऱ्यात आवाज दिसत नाही. मला दिसलं ते एवढंच, की कौसाबाईंचे डोळे कॅमेऱ्यावरून सुटले आणि खाली गेले. मी दुसरा डोळा उघडला. त्यांच्या आणि माझ्या मध्ये गवतात एक भेग होती. बोटभर रुंद. मघाशी ती तिथे नव्हती, किंवा असेल तर मी बघितली नव्हती. ती गवतातून वाकडी जात होती, सावकाश, शाईची रेघ ओल्या कागदावर पसरते तशी. त्या भेगेच्या पलीकडे कौसाबाई अनवाणी उभ्या होत्या. हलत नव्हत्या. मी सांगितलं होतं, हलू नका.

पाय उचलावा तर माझ्या वजनानं काय होईल कळेना. मागे जावं तर त्यांना एकटं सोडल्यासारखं. गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढून त्यांना धरायला टाकावा हे मला घरी गेल्यावर, जेवताना सुचलं. त्या वेळी माझ्या शरीरातला एकच अवयव काम करत होता. बोटानं बटण दाबलं. फोटो निघाल्याचा तो नाजूक आवाज झाला, लग्नात होतो तसाच.

कौसाबाईंना तो ऐकू आला.

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, अगदी झोपलेल्या लेकराशेजारी बोलावं तशा, “आता पुढं येऊ का, का अजून काढून राह्यला?”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी त्यांचा अर्थ घेतला. त्या उभ्या उभ्या आल्या नाहीत. आधी सावकाश खाली बसल्या, मग दोन्ही तळहात पुढे टेकले, आणि ठेवणीतल्या लुगड्यानिशी चिखलातून रांगत, एक हात, एक गुडघा, भेग ओलांडून आल्या. आल्या आल्या त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं. तो माझा नवा बूट होता. मी तिथेच चिखलात बसलो. किती वेळ, माहीत नाही. सरपंच तिकडच्या बांधावर पाठ करून फोनवर फ्लेक्सचं माप सांगत होते.

मग ती कड गेली. मोठा आवाजही झाला नाही. गवत तसंच हिरवं, सपाट, एखादं ताट सरकवावं तसं खाली गेलं, आणि थोड्या वेळानं पाणी हललं.

“चपला गेल्या,” कौसाबाई म्हणाल्या.

सरपंच आले. फोटो बराबर आला का, त्यांनी विचारलं. मी आला म्हणालो.

खरोखरच आला होता. घरी कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर पापणीचा केस न केस दिसत होता. माझ्या कुठल्याही फोटोला लग्नानंतर कधी बरं न म्हणणारी आमची ही मागे येऊन उभी राहिली आणि चांगला आलाय म्हणाली. पण त्या बाई खाली काय बघताहेत? मी म्हणालो, ऊन लागत होतं.

दौऱ्याच्या दिवशी तो फोटो रस्त्याच्या कडेला बारा फुटी फ्लेक्सवर होता. खालचा भाग, म्हणजे भेग होती तेवढाच, कापून तिथे नऊ हसऱ्या चेहऱ्यांची पट्टी टाकली होती. त्यामुळे कौसाबाई रस्त्यावर उभ्या राहून त्या नऊ जणांकडे भेदरून बघत होत्या. गाड्या आल्या. एका काचेतून हात बाहेर आला, हलला, आत गेला. मग नुसताच चिखल उडत राहिला.

तेव्हापासून मी कोणाला मागे सरका म्हणत नाही. मी स्वतः सरकतो. मंठ्याच्या एका लग्नात असा सरकत सरकत जिलबीच्या कढईपर्यंत गेलो होतो. आचाऱ्यानं कॉलर धरून ओढलं. वऱ्हाडाला मजा वाटली. मला वाटलं, हा माणूस त्या दिवशी विहिरीवर हवा होता. स्टेजवर नवरा-नवरी उभे राहिले की मी आधी मागे जाऊन फळ्या दाबून बघतो. लोकांना वाटतं, मी कामात फार काटेकोर आहे. पाऊस संपला, थंडी पडली की हे कमी होतं. मग पुन्हा महालक्ष्म्या येतात.

शेठच्या स्टुलावर पाणी पिऊन झाल्यावर मी दोन्ही कॅमेरे पुन्हा हातात घेतले. मिररलेस सगळ्या बाबतीत चांगला होता, यात वाद नाही. पण त्याला माणसाचे डोळे सापडतात, पाय सापडत नाहीत. आणि त्याला डोळा लावायची जागा आहे. शेठ म्हणाले, मागं पडदा हाय की, त्यात बघा. त्यांचं बरोबर आहे. पण माझा डोळा मला विचारत नाही. ते भोक दिसलं की तो आपोआप जाऊन बसतो, आणि मग चार कडांबाहेरचं जग मावळतं. नारिंगी कॅमेऱ्याला डोळा लावायला जागाच नाही. तो हात लांब करून धरावा लागतो. त्याच्या वरूनही दिसतं, बाजूनंही, खालची जमीनही. शेठ मला त्याच्या पाण्याचं सांगत होते. मला त्याचं आंधळेपण आवडलं होतं.

मी नारिंगी घेतला. घरी आल्यावर तो साबणासारखा हातात धरून बायकोनं उलटासुलटा बघितला. पाण्यात पडला तरी चालतो, मी सांगितलं.

“तुम्हाला कॅमेरा पडायची भीती कुठाय?” ती म्हणाली. “तुम्हाला वाटून राह्यलंय मानूस पडंल. त्याला कोनता कॅमेरा चालतो?”

मी मॅन्युअल वाचत बसलो. त्यात सतरा सूचना होत्या आणि सगळ्या कॅमेऱ्याच्या सुरक्षिततेविषयी होत्या.

मागच्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली तेव्हा कौसाबाईंकडे जाऊन आलो. त्या पुण्याला गेलेल्या नाहीत. विहीर नव्यानं बांधून झाली आहे, सिमेंटचा कठडा आहे, कमरेइतका उंच. मुलाला पाठवायला फोटो पाहिजे होता. कौसाबाई आपण होऊन विहिरीपासून चांगल्या दहा पावलांवर, म्हशींच्या जवळ उभ्या राहिल्या, चपला घालून. मी हात लांब करून नारिंगी कॅमेरा धरला. शेजारच्या पाटातून डुबुक असा आवाज आला आणि आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. मग एकमेकांकडे. बेडूक हाय, त्या म्हणाल्या. फोटो हलला. दुसरा काढला, तोही हलला.

चहा पिताना मी विचारलं की त्या वेळी विहीर यादीत कशी आली, आपला फोटो लागला का. कौसाबाईंनी सांगितलं ते नंतर तलाठ्यालाही विचारून घेतलं, आणि ते खरं निघालं. आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशीच तलाठी शेतात येऊन गेला होता. कोणी नव्हतं म्हणून त्यानं दुरूनच मोबाईलवर नुसत्या विहिरीचा फोटो काढला. फाइलला तोच लागला आहे. फॉर्मवर मालकाच्या फोटोसाठी जागा नाही.